डोकं आणि डोळे एकत्र दुखतात तेव्हा: कारण शोधायचा क्रम

मी चष्म्याचे नंबर तपासतो. खुर्चीत बसल्या बसल्या पिशवीतून एकापाठोपाठ तीन चष्मे काढून समोर मांडणारी माणसं मला नवी नाहीत. 'तिन्ही लावून झाले, अधूनमधून डोकं आणि डोळे दुखतातच.' शेवटचं कधी दुखलं? 'मागच्या आठवड्यात असेल.' किती वेळ? 'बराच.' कोणत्या डोळ्यामागे? हात आधी एका भुवईवर जातो, मग जरा विचार करून दुसरीवर.

अधूनमधून येणाऱ्या दुखण्याची अडचण ही, की तपासणीच्या दिवशी ते नेमकं हजर नसतं. यंत्र त्या दिवशीचा डोळा बघतं, मागच्या आठवड्यातला नाही. त्यामुळे कारण सापडायचं तर ते बहुतेक वेळा तुमच्या नोंदीत सापडतं. आणि लोक चुकतात ते क्रमात. आधी गोळी, मग नवा चष्मा, मग सायनसचं औषध, शेवटी घाबरून स्कॅन. धोक्याची लक्षणं बघायची राहूनच जातात.

अजून एक गोष्ट आधीच सांगतो. 'डोळ्यामागे दुखतं' म्हणजे दोष डोळ्यातच आहे, असं नाही. डोळा, कपाळ आणि मेंदूवरच्या आवरणाचा बराचसा भाग यांची वेदना चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या ट्रायजेमिनल नसेच्या एकाच फांदीतून आत जाते. मानेच्या वरच्या भागातल्या नसाही आत त्याच केंद्राजवळ येऊन मिळतात. त्यामुळे मेंदूला पत्ता नीट लागत नाही. कुठे दुखतं यापेक्षा कधी, किती वेळ आणि सोबत काय, या 3 उत्तरांवर जास्त भरवसा ठेवा.

## १. आधी धोका बाजूला काढा

खालचं एक जरी लागू होत असेल तर नोंदवही, चष्मा सगळं राहू द्या. वेळ न दवडता डॉक्टर गाठा. पहिल्या पाचांसाठी थेट तातडीचा विभाग असलेलं रुग्णालयच.

- मिनिटाभरात शिगेला पोचलेली, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी.
- डोळा लाल, आत प्रचंड ठणका, नजर धूसर, दिव्याभोवती रंगीत वलयं, सोबत मळमळ किंवा उलटी.
- एका डोळ्याची नजर अचानक गेली, मग ती दोन मिनिटांत परत का येईना.
- नव्याने दोन-दोन दिसणं, एक पापणी खाली येणं, किंवा दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या होणं. मानेला हिसका बसल्यावर हे झालं असेल तर अजिबात थांबू नका.
- ताप आणि आखडलेली मान, फिट (आकडी) येणं, बोलणं अडखळणं, हातापायात अशक्तपणा, भान हरपल्यासारखं वागणं.
- वय ५० च्या पुढे आणि डोकेदुखी नवी. कानशिलाला हात लावला, केस विंचरले की दुखतं. चावताना जबडा दमतो. ही रक्तवाहिनीची सूज असू शकते आणि उपचार लांबले तर नजर कायमची जाऊ शकते. त्याच दिवशी दाखवा.
- डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेली, किंवा गरोदरपणात अथवा बाळंतपणानंतर नव्याने आलेली डोकेदुखी.
- कॉन्टॅक्ट लेन्स वापरता आणि डोळा लाल होऊन दुखतोय. लेन्स काढा, परत घालू नका, त्याच दिवशी दाखवा.
- कपाळाच्या एकाच बाजूला आग आणि मागोमाग फोड. ही नागीण डोळ्यात उतरू शकते, नाकाच्या शेंड्यावर फोड दिसले तर जास्तच.

नेहमीची चूक: दुसऱ्या मुद्द्यातली उलटी. ती डोळ्यातलं पाणी वाहून जायचा कोन बंद होणाऱ्या काचबिंदूची असू शकते, पण माणूस पित्त झालं म्हणून पोटाच्या गोळ्या घेत रात्र काढतो. त्यात हातचे तास निघून जातात. उलटी होत असेल तर आरशात डोळा बघा.

पडताळा: घरातल्या दोघा-तिघांचं डोकं एकाच वेळी दुखतंय आणि बाहेर मोकळ्या हवेत गेलं की उतरतंय का? तसं असेल तर कार्बन मोनॉक्साइड या वास नसलेल्या विषारी वायूचा संशय घ्या. सगळ्यांनी बाहेर पडा, शेगडी किंवा हीटर कुठला ते नंतर शोधा.

## २. तयारी: सहा आठवडे काही बदलू नका

एक छोटी वही घ्या, किंवा फोनवरची नोंदींची जागा चालेल. वही उशाशी, पेन वहीत. पहिले सहा आठवडे नवा चष्मा नको, उशीचे नवे प्रयोग नको, चहा-कॉफी एकदम बंद करणंही नको. एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या आणि दुखणं कमी झालं, तर श्रेय कुणाला द्यायचं ते कळत नाही.

डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं मात्र चालूच ठेवायची. त्यांची यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहा, तारखेसकट. सर्दीच्या गोळ्या, मुरुमांच्या गोळ्या, व्हिटॅमिन एच्या कॅप्सूल, स्टेरॉइडचे डोळ्यांचे ड्रॉप्स हेही त्यात आले पाहिजेत. लोकांना ही 'औषधं' वाटतच नाहीत, म्हणून मुद्दाम सांगतो.

## ३. नोंद: दुखलं त्या दिवशीची, आणि न दुखलेल्या दिवसाचीही

नोंद कशी असावी, हे सांगण्यापेक्षा एक दाखवतो. माझीच आहे.

*मंगळवार. दुपारी ३:४० ला उजव्या भुवईत जडपणा. त्याआधी तासभर जांभया. ४:१५ ला उजव्या डोळ्यामागे ठणका, जिना चढताना वाढला. उजेड नकोसा, मळमळ, उलटी नाही. डोळा लाल नाही. ४:३० ला पॅरासिटामॉल ५०० ची एक गोळी. रात्री ११ ला झोपलो तेव्हाही थोडं होतं, सकाळी नव्हतं. आदल्या रात्री झोप ४ तास. दुपारचं जेवण अडीचला. स्क्रीन ५ तास; कालही ५ तासच, काल दुखलं नव्हतं.*

सगळ्यात कामाचं वाक्य शेवटचं आहे. आपण दोष देतो तो दुखलेल्या दिवशी समोर जे दिसलं त्याला. स्क्रीन रोजच असते, म्हणून ती रोज सापडते. न दुखलेल्या दिवसांच्या दोन ओळी नसतील तर खोटा आरोपी पकडला जातो. रोज रात्री झोपताना एवढंच लिहा: झोप किती, जेवण वेळेवर का, जवळचं काम किती तास, दुखलं का. पाळी येत असेल तर तिच्या तारखा.

दुखलं त्या दिवशी सुरुवातीची वेळ, संपायची वेळ, बाजू, दुखण्याची जात (ठणका, दाब, सणक, चुरचुर), हालचालीने वाढतं का, सोबत काय आणि कोणती गोळी किती वाजता, हे सगळं हवं.

इशारा: नोंद दुखणं ओसरल्यावर आठवून लिहायची नाही. 'बराच वेळ' हा शब्द तिथूनच येतो.

## ४. दुखत असताना आरशासमोर दोन मिनिटं

ही पायरी जवळपास कुणीच करत नाही, आणि डॉक्टरांना हीच माहिती हवी असते.

आधी चांगल्या उजेडात आरशात बघा. दुखऱ्या बाजूचा डोळा लाल आहे का, पाणी येतंय का, त्याच बाजूची नाकपुडी चोंदली आहे का, पापणी खाली आली आहे का. मग दोन्ही बाहुल्यांचा आकार. घरातल्या कुणाला तरी फोनने डोळ्यांचा जवळून फोटो काढायला सांगा. दुखणं गेल्यावर हा फोटोच साक्षीदार उरतो. काहींच्या बाहुल्यांत जन्मापासूनच थोडा फरक असतो. जुन्या फोटोत तसाच दिसत असेल तर काळजी नको. फरक नवा असेल तर पहिल्या टप्प्यावर परत जा.

आता एक डोळा तळहाताने झाका, दाबू नका, आणि दुसऱ्याने समोरचं एखादं लालभडक झाकण बघा. मग डोळा बदला. एका डोळ्याला ते लाल आणि दुसऱ्याला फिकट, विटकरी दिसतंय का? शेवटी डोकं स्थिर ठेवून नजर वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फिरवा. एका डोळ्याला लाल फिकं दिसणं, नजर अंधुक होणं आणि डोळा फिरवताना आतून कळ येणं, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तर दृष्टीच्या नसेची सूज असू शकते. ती साधारण २० ते ४० वयात जास्त आढळते. एक-दोन दिवसांत नेत्रतज्ज्ञांना दाखवा, 'नंबर वाढला असेल' म्हणून चष्म्याच्या दुकानात जाऊ नका.

## ५. सहा आठवड्यांनी नोंदी वाचा

वाचताना पहिली नजर वेळेवर. एकेक दुखणं किती टिकलं, त्यावरून गट पाडा.

काही सेकंद. सुई टोचल्यासारखी सणक डोळ्यात किंवा कानशिलात येते आणि जाते. अर्धशिशी असणाऱ्यांत हे बरेचदा दिसतं. बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं, तरी सणक नेहमी एकाच जागी येत असेल तर दाखवून घ्या.

१५ मिनिटं ते ३ तास. एका डोळ्याभोवती असह्य कळ, तोच डोळा लाल, पाणी, तीच नाकपुडी चोंदलेली, आणि माणूस येरझाऱ्या घालतोय: ही क्लस्टर डोकेदुखी. काही आठवडे रोज, कधी दिवसातून अनेकदा, बरेचदा रात्री ठरावीक वेळी झोपेतून उठवते, मग महिनोन्महिने गायब. येरझारा हीच खूण. अर्धशिशीवाला अंधाऱ्या खोलीत निपचित पडतो, याला बसवतच नाही. साध्या गोळ्यांचा उपयोग होत नाही कारण त्या लागू पडेपर्यंत झटका संपत आलेला असतो. मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा, झटक्यात मास्कने ऑक्सिजन देणं हा यावरचा मान्य उपचार आहे.

४ तास ते ३ दिवस. ठणका, बरेचदा एका बाजूला, चालल्या-वाकल्याने वाढणारा, मळमळ, उजेड-आवाज नकोसा. ही अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन. काहींना आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा दिसतात, ५ मिनिटं ते तासभर.

इथे दोन मोठ्या फसगती होतात. एक, सायनस. अर्धशिशीत डोळ्यांतून पाणी आणि नाक वाहणं होऊ शकतं, कारण नस तीच. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात 'मला सायनसची डोकेदुखी आहे' असं सांगणाऱ्या सुमारे ३,००० जणांना तपासलं, तेव्हा ८८ टक्के जणांचं दुखणं मायग्रेनच्या जातीचं निघालं. खऱ्या सायनसमध्ये घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड, वास न येणं, कधी ताप, असं बरोबरीने असतं. नाक मोकळं असेल तर सायनसला सोडून द्या. दुसरी फसगत कारण आणि परिणाम उलटे धरण्याची. झटक्याआधी काही तास जांभया, मान आखडणं, उजेड टोचणं सुरू होतं. मग माणूस म्हणतो, 'मान अवघडली म्हणून दुखलं', 'स्क्रीनचा उजेड लागला म्हणून दुखलं'. झटका आधीच सुरू झालेला असतो. माझ्या नोंदीतल्या जांभया आठवा.

अर्धा तास ते काही दिवस. दोन्ही बाजूंनी पट्टा आवळल्यासारखा दाब, डोळे जड, पण कामं चालू राहतात, मळमळ नाही. ताणाची डोकेदुखी. सगळ्यात जास्त हीच आढळते आणि यावर लिहिण्यासारखं फार नाही: झोप, बसण्याची पद्धत, ताण.

फक्त जवळच्या कामानंतर. सकाळी उठताना काही नाही, दोन-तीन तास वाचन किंवा स्क्रीन झाली की भुवयांवर ओढ, अक्षरं पुसट, सुट्टीच्या दिवशी शांत. हे खरं डोळ्यांचं काम दिसतं. पुढचा टप्पा मुख्यतः तुमच्यासाठी.

अंधाऱ्या जागी. हे लक्ष देऊन वाचा. मंद उजेडात किंवा चित्रपटगृहात बसल्यावर एका डोळ्यात आणि भुवईत दुखतं, नजर धुरकट होते, दिव्यांभोवती वलयं दिसतात आणि झोप झाली की सगळं उतरतं. अर्धशिशीही झोपेने उतरते, म्हणून ही दोन्ही एकमेकांत मिसळतात. पण अंधारात बाहुली मोठी होते आणि ज्यांच्या डोळ्यातला पाणी वाहून जायचा कोन मुळातच अरुंद असतो, त्यांचा तो थोडा वेळ बंद होऊन डोळ्याचं प्रेशर चढतं. झोपेत बाहुली लहान होते, कोन उघडतो. चाळिशीनंतर आणि दूरच्या नजरेचा प्लस नंबर असणाऱ्यांत हा धोका जास्त. वलयं हा शब्द तुमच्या वहीत एकदा जरी आला असेल तर सहा आठवडे पूर्ण व्हायची वाट बघू नका.

पडून राहिल्यावर वाढणारी. सकाळी जास्त, खोकताना-वाकताना नजर क्षणभर काळोखते, कानात नाडीसारखा आवाज येतो. कवटीतला दाब वाढला असण्याची शक्यता. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी लगेच हवी, कारण सूज तिथे दिसते. मुरुमांवरच्या टेट्रासायक्लिन गटातल्या गोळ्या आणि जास्त व्हिटॅमिन ए हीसुद्धा याची कारणं असू शकतात. पहिल्या पानावरची यादी यासाठीच होती.

पडताळा: आता गोळ्या मोजा. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, किंवा मिश्र गोळ्या (एकीत एकाहून जास्त औषधं असलेल्या) आणि मायग्रेनच्या ट्रिप्टान गटातल्या गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं ३ महिन्यांहून अधिक चाललं असेल तर गोळ्यांमुळेच डोकं दुखत असण्याची दाट शक्यता आहे. अधूनमधूनचं दुखणं रोजचं होतं ते बरेचदा याच वाटेने. हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

## ६. डोळ्यांची तपासणी: काय न्यायचं, काय मागायचं

सगळे जुने चष्मे न्या. वही न्या. औषधांची यादी न्या. कॉन्टॅक्ट लेन्स किती दिवस आधी काढायच्या ते फोनवर विचारा. ड्रॉप्स घालून बाहुली मोठी केली तर काही तास धूसर दिसतं, म्हणून गाडी चालवत जाऊ नका. जवळच्या कामाने दुखत असेल तर शक्यतो संध्याकाळची वेळ मागा. सकाळी ताज्या डोळ्यांनी दोष झाकला जातो.

'६/६ दिसतं' यावर समाधान मानू नका. तरुण डोळा आतला स्नायू आवळून लहान प्लस नंबर सहज लपवतो. तो दिवसभर आवळलेला स्नायू संध्याकाळी दुखतो, तक्त्यावर मात्र शेवटची ओळ वाचली जाते. म्हणून गरज असेल तिथे ड्रॉप्स घालून नंबर काढायला हवा. उलट चूक मायनसवाल्यांची. भिंग बदलताना अक्षरं 'जास्त काळीभोर' दिसली की तेच हवं म्हणतात. काळीभोर म्हणजे स्पष्ट असं नाही. तिथे मायनस गरजेपेक्षा जास्त गेलेला असतो आणि डोळ्याला कायम जोर द्यावा लागतो. वाचता आली ती ओळ आधीच्याच भिंगाने वाचता येत होती का, एवढंच बघा.

दोन्ही डोळे मिळून काम करतात का, हेही तपासून घ्या. घरी अंदाज घेता येतो: पेनाचं टोक हातभर अंतरावरून हळूहळू नाकाकडे आणा. नाकापासून १० सेंटिमीटरच्या बाहेरच टोक दोन दिसायला लागलं तर डोळे आत वळवण्याची ताकद कमी असू शकते. यावर चष्मा नाही, व्यायाम हा मुख्य उपाय आहे, आणि तो शिकूनच करायचा.

नेत्रतज्ज्ञांकडे डोळ्याचं प्रेशर आणि पडदा बघितला जाईलच. प्रेशर साधारण १० ते २१ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाइतकं असतं. पण अंधारात दुखण्याची किंवा वलयांची तक्रार असेल तर एवढ्यावर थांबू नका. दोन झटक्यांच्या मधल्या दिवशी प्रेशर चोख निघू शकतं. 'कोन बघाल का?' असं विचारा. त्या तपासणीला गोनिओस्कोपी म्हणतात; डोळा बधिर करून एक भिंग टेकवतात, दुखत नाही. कोन अरुंद निघाला तर लेसरने मार्ग मोकळा करता येतो. बाहुली मोठी करायचे ड्रॉप्स घालण्याआधी ही तक्रार सांगितलीच पाहिजे.

इशारा: मायग्रेनसाठी टोपिरामेट नुकतंच सुरू झालंय आणि डोळे दुखून अचानक लांबचं धूसर दिसायला लागलं, तर मायग्रेन वाढलं असं समजू नका. या औषधाने क्वचित, बहुधा पहिल्या महिन्यातच, कोन बंद होतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

## ७. आता बदल, पण एका वेळी एकच

प्रत्येक बदलाला दोन आठवडे द्या आणि वही चालू ठेवा.

स्क्रीनवर एकटक बघताना पापण्या निम्म्याहूनही कमी वेळा मिटतात, डोळा कोरडा पडून चुरचुरतो. दर २० मिनिटांनी २० सेकंद लांब, ६ मीटरच्या पलीकडे बघा आणि तेवढ्यात पापण्या पूर्ण मिटून उघडा. स्क्रीन हातभर अंतरावर, वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा खाली. निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांवर मी पैसे खर्च करायला सांगत नाही. २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात, त्यांनी डोळ्यांचा थकवा कमी होतो असं दिसलं नाही.

नवा चष्मा आला तर एक-दोन आठवडे डोकं जड राहू शकतं. त्यानंतरही राहिलं तर नंबरबरोबर काचेचा मध्य तुमच्या बाहुलीसमोर येतो का, हे तपासून घ्या. फ्रेम जरा वाकली तरी तो सरकतो.

चहा-कॉफी कमी करायची तर हळूहळू. एकदम बंद केली की साधारण १२ ते २४ तासांत डोकं धरतं आणि तुमच्या नोंदीत एक भलतंच दुखणं घुसतं. झोपेची आणि जेवणाची वेळ सुट्टीच्या दिवशीही तीच ठेवा. अर्धशिशीवाल्यांना याचा फायदा चष्म्यापेक्षा जास्त होतो, हे चष्मे देणाराच सांगतोय.

लाल डोळ्यासाठी घरात पडलेले जुने ड्रॉप्स घालायचे नाहीत. त्यात स्टेरॉइड असेल तर डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं.

## ८. डॉक्टरांपुढे एक पान ठेवा

सहा आठवड्यांची वही कुणी वाचणार नाही. तिचं एक पान करा: महिन्यात किती दिवस दुखलं, एकेक दुखणं किती तास, बाजू, सोबतची लक्षणं, गोळ्यांचे दिवस, डोळ्यांच्या तपासणीचा निकाल. झटक्यातला फोटो असेल तर तो. स्कॅन स्वतःहून मागण्याऐवजी 'माझ्या लक्षणांत स्कॅन लागेल असं काही आहे का?' असं विचारा. तपासणीत काही वावगं नसेल आणि दुखण्याची तऱ्हा ठरलेल्या अर्धशिशीची असेल, तर बहुतेकदा तो लागत नाही. एकदा केलेला आणि स्वच्छ आलेला स्कॅन डोळ्याच्या कोनाबद्दल काहीच सांगत नाही, हेही लक्षात असू द्या.

निदान झालं, औषध लागू पडलं, तरी वही फेकू नका. वर्षभराने दुखण्याची बाजू बदलली, वेळ बदलली, ते झोपेतून उठवायला लागलं किंवा नेहमीच्या गोळीला दाद देईनासं झालं, तर ते 'नेहमीचंच' म्हणून सोडून देऊ नका. नव्या पानावर तारीख घाला आणि पहिल्या टप्प्यातली यादी पुन्हा काढा.